वजीर देऊन आठव्या चालीत मात

बुद्धिबळाचा संगणक जिला वाईट ठरवतो, ती सुरुवात ऑनलाइन ब्लिट्झमध्ये धडाधड डाव कशी जिंकते? स्टॅफर्ड गॅम्बिटची गंमत पाहा.

ई४, ई५. पांढरा घोडा एफ३ वर येतो, काळा एफ६ वर. पांढरा ई५ वरचं प्यादं खातो. इथवर ही पेट्रॉव्हची भक्कम सुरुवात. २०१८ च्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीत कारुआनानं कार्लसनविरुद्ध तीच वापरली होती. आता शहाणा खेळाडू डी६ खेळून घोड्याला हुसकावतो. स्टॅफर्डवाला मात्र दुसरा घोडा सी६ वर आणून म्हणतो, घ्या! घोड्याला घोडा जातो, प्यादं गेलं ते गेलंच, आणि सी पट्टीत काळ्याची दोन प्यादी एकामागे एक अडकतात. हाती काय आलं? दोन्ही उंटांच्या मोकळ्या वाटा आणि वजिरासमोरची उघडी पट्टी. बस्स.

पांढरा डी३ खेळून आपलं प्यादं राखतो. काळा उंट सी५ वर येतो. आता पांढऱ्यानं काय करावं? कुणीही शिकवेल तेच: उंट जी५ वर नेऊन घोडा जखडावा. मागे वजीर उभा आहे, घोडा हलेलच कसा?

हलतो! सरळ ई४ वरचं प्यादं खातो. पांढरा आनंदानं वजीर उचलतो. काळा उंट एफ२ वर, शह. राजाला ई२ हे एकच घर उरतं. दुसरा उंट जी४ वर, आणि मात! वजिराऐवजी घोडा मारला असता तर? तोच शह, राजानं उंट खाल्ला की उघड्या पट्टीतून पांढऱ्याचाच वजीर जातो. वजीर देऊन हलक्या मोहऱ्यांनी मात करण्याची कल्पना अठराव्या शतकातल्या पॅरिसची, फिलिडोरचे गुरू लेगाल यांच्या नावानं ओळखली जाणारी.

म्हणजे चूक वेंधळेपणाची नाही, चांगल्या सवयीची आहे. मला सगळ्यात थक्क करणारं हेच वाटतं. संगणक निकाल देतो तो पांढरा प्रत्येक वेळी अचूक खेळेल असं धरून. पण तीन मिनिटांच्या डावात अचूकपणा आणायचा कुठून? काळ्याच्या हाती जणू फुटलेला पेपर असतो. तो क्षणात चाली करतो, समोरचा प्रत्येक प्रश्न पहिल्यांदाच वाचत असतो. अमेरिकेचे इंटरनॅशनल मास्टर एरिक रोझेन यांनी असे डाव थेट प्रक्षेपणात खेळून दाखवले आणि ही सुरुवात जगभर पोचली.

तुमच्यावर कुणी ही टाकली तर डी३ नंतर उंट फक्त ई२ वर ठेवा, मग सी३ आणि डी४ करून सी५ च्या उंटाची वाट बंद करा. आणि वजीर फुकट दिसलाच, तर उचलण्याआधी आपला राजा कुठे पळेल ते पाहा.