आधी खातरजमा, मग पोस्ट

भारत-पाकिस्तान संघर्ष सुरू असताना, ९ मे २०२५ रोजी सकाळी चंडीगडमध्ये भोंगे वाजले. हवाई दलाच्या तळाकडून संभाव्य हल्ल्याचा इशारा आला होता. लोकांनी घरातच थांबावे, बाल्कनीत येऊ नये, अशी सूचना निघाली. त्याच सुमारास पंजाबात जालंधरवरच्या ड्रोन हल्ल्याचा म्हणून एक व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता. पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने तो तपासला, तेव्हा ती शेतातली आग निघाली. पुरावा व्हिडिओतच होता. त्यावर संध्याकाळी ७ वाजून ३९ मिनिटांची वेळ होती आणि ड्रोन हल्ला त्यानंतर सुरू झाला होता.

पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींनी यातून उचलायची गोष्ट म्हणजे घड्याळाकडे पाहण्याची सवय. व्हिडिओ हजारोंनी पाहिला असेल. कोपऱ्यातली वेळ वाचतो तो पत्रकार.

चंडीगडच्या सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ आहे आणि तिथे पत्रकारितेचे शिक्षणही मिळते. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका, मोर्चे, धरणी यांनी हा परिसर सतत जागा असतो. २०१८ मध्ये कनुप्रिया परिषदेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि मुलींच्या वसतिगृहांवरची वेळेची बंधने उठवावीत म्हणून आंदोलन उभे राहिले. अशा वेळी कुठे जमायचे, मागण्या काय, हे संघटनांच्या इन्स्टाग्रामवर आधी कळते. विद्यार्थी बातमीदाराकडे ना ओळखपत्राचा दबदबा, ना कार्यालयाची गाडी; त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे. पण संघटनेची पोस्ट म्हणजे एका बाजूचे म्हणणे. विद्यापीठाचे परिपत्रक मिळवणे, धरण्यावर बसलेल्या मुलीशी समोर बसून बोलणे, हे काम उरतेच.

ते टाळले की काय होते, हे सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या मोहाली जिल्ह्याने पाहिले. घडूआँ इथल्या एका खासगी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मुलींचे खासगी व्हिडिओ पसरल्याच्या आरोपावरून विद्यार्थी रात्री रस्त्यावर आले. काही मुलींनी आत्महत्या केल्याची अफवा समाजमाध्यमांवर वाऱ्यासारखी पसरली. असा एकही मृत्यू झालेला नाही, असे पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. दूर गावातल्या आईबापांनी ती रात्र कशी काढली असेल! रुग्णालयाला आणि पोलिसांना दोन फोन करून, उत्तर मिळेपर्यंत थांबणारा बातमीदार अशा रात्री खरी लोकसेवा करतो.

तपासाची साधने आता फुकट आहेत. गूगल लेन्सवर फोटो टाकला तर तो आधी कुठे छापून आला होता ते बरेचदा सापडते. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, सावलीची दिशा यांवरून जागा आणि वेळ ताडता येते. चंडीगडमध्ये तर चौकाचौकांत सेक्टरचे आकडे लिहिलेले असतात. गूगल मॅप्सवरच्या चित्राशी ते पडताळून पाहायला पाच मिनिटे पुरतात. पोस्ट पुसली जाण्याआधी तिची प्रत जपून ठेवावी. आणि पोस्ट करण्याआधी कायदाही आठवावा: लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. इन्स्टाग्राम स्टोरी चोवीस तासांनी दिसेनाशी होते म्हणून त्यातून सुटका नाही.

वाचकांनाही इथे एक काम आहे. एखाद्या घटनेचा व्हिडिओ तुम्ही स्वतः काढला असेल आणि एखाद्या विद्यार्थी बातमीदाराने तो मागितला, तर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ आकसतो आणि त्यातली वेळ-जागेची नोंद गळून जाते.