चूल अंगणात गेली, धूर कुठे गेला?

थंडीच्या दिवसांत यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या गावात सकाळी फेरी मारली, तर धूर स्वयंपाकघरातून नाही, अंगणातून येताना दिसतो. घरात सिलिंडर असतो, पण तो भाजी-पोळीपुरता. आंघोळीचं पाणी तापतं ते बाहेर, तीन दगडांच्या चुलीवर. सरपण म्हणजे कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या. शेतातून फुकट येणारं जळण सोडून पाण्यावर गॅस कोण जाळेल? आणि जिथे ऊब तिथे लेकरं. थोरलं फुंकणी घेऊन चुलीशी, धाकटं आजीच्या मांडीवर.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास ८० टक्के घरांत स्वच्छ इंधन असल्याची नोंद आहे. आकडा खरा आहे. मात्र त्या पाहणीत विचारतात ते स्वयंपाकाचं मुख्य इंधन. पाणी कशावर तापतं, संध्याकाळी शेकोटीत काय जळतं, हे त्या ८० टक्क्यांत कुठेच येत नाही.

‘उघड्यावर आहे, धूर उडून जातो’ ही समजूत उन्हाळ्याच्या दुपारी बऱ्याच अंशी बरोबर असते. हिवाळ्यातल्या पहाटे नाही. रात्री जमीन लवकर गार होते, तिला चिकटलेली हवाही गार आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. वारा पडलेला असतो. धूर वर चढतो, थोडा आडवा पसरतो आणि वस्तीतच रेंगाळतो. नेमक्या याच वेळी घरोघरी चुली पेटलेल्या असतात. त्यात दवाने ओलसर झालेल्या काड्या धड पेटत नाहीत, नुसत्या धुमसतात. धुमसणारं लाकूड ज्वाळेने जळणाऱ्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त धूर सोडतं.

डोळ्यांत पाणी आणणारा धूर निदान कळतो तरी. खरा त्रास त्यातल्या न दिसणाऱ्या कणांचा. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. सोबत कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, बेंझिन असतंच. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ६०. पेटत्या चुलीशेजारी दोन्ही मर्यादा सहज ओलांडल्या जातात.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते १८ वेळा चालतो, तान्ह्या बाळाचा ३० ते ५०. वजनाच्या मानाने बाळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं. त्याच्या फुप्फुसातले बहुतेक वायुकोश जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार व्हायचे असतात. आणि श्वासनलिकेचा साधा हिशोब बघा. बाळाची नलिका ४ मिलिमीटर रुंद धरली आणि तिला आतून सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली, तर हवेला होणारा अडथळा १६ पट वाढतो. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटर नलिकेत तेवढ्याच सुजेने तो तिपटीच्या आसपास वाढतो. आजीला नुसता खोकला येतो त्याच धुरात नातवाला धाप लागते, ती यामुळे.

चुली बदलल्या की प्रश्न सुटला, असंही झालेलं नाही. ग्वाटेमालाच्या डोंगराळ खेड्यांत धुराडं असलेल्या चुली दिल्या. मुलांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया घटला, पण २०११ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा एकूण न्यूमोनियातली घट अपेक्षेपेक्षा कमी भरली. भारतासह (आपल्याकडे तमिळनाडूत) चार देशांत झालेल्या चाचणीत तर गॅस देऊनही बाळांचा गंभीर न्यूमोनिया लक्षणीय कमी झाला नाही. तो निकाल २०२४ चा. न्यूमोनियामागे कुपोषण आहे, जंतू आहेत, लसीकरणाची कसर आहे. म्हणून धूर निर्दोष ठरत नाही. तो एकटा आरोपी नाही, एवढंच.

बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंगाची धुरी देण्याची आपली रीत प्रेमाची आहे, पण चार महिन्यांच्या बाळाच्या छातीला ओव्याचा धूर आणि पऱ्हाटीचा धूर यात फारसा फरक कळत नाही. आजीशी वाद घालण्यापेक्षा बाळाला मऊ पंच्याने कोरडं करून, टोपडं घालून दुलईत गुंडाळलं तर काम भागतं.

पऱ्हाटीचा पेच वेगळाच आहे. ती घराशेजारी किंवा बांधावर रचून ठेवू नका, उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते, असं कृषी विभाग सांगतो. मग ती बांधावरच पेटवली जाते आणि संध्याकाळचा धूर वस्तीत उतरतो. यंत्राने कुट्टी करून खत करणं हा चांगला मार्ग आहे. मात्र यंत्राचं भाडं छोट्या शेतकऱ्याला जड जातं. गावाने मिळून यंत्र आणलं तरच ते परवडेल असं मला वाटतं.

तोवर करता येण्यासारखं थोडं आहे. जळण छपराखाली कोरडं ठेवावं, चूल दारापासून लांब मांडावी, पाणी थोडं उशिरा, ऊन वर आल्यावर तापवावं. प्लास्टिक, रबर चुलीत मुळीच टाकू नये. तोंडाला बांधलेल्या फडक्याने बारीक कण अडत नाहीत.

आणि खोकणाऱ्या लेकराचा श्वास मोजावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना हेच शिकवलं, आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झाले. तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मूल शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल दूध ओढेनासं झालं असेल, तर मोजतही बसू नये, थेट दवाखाना गाठावा.