शब्दाची सीमा : एका संगणकीय संकेताचे अर्थभेद

संगणकात साठविलेल्या संहितेतून विशिष्ट घडणीचे शब्द शोधण्यासाठी जी सांकेतिक सूत्रे वापरतात, त्यांना 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात त्यांचा तात्त्विक पाया घातला. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी त्यांच्या आधारे शोध घेण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे प्रत्येक संगणकभाषेने ही सूत्रे आपापल्या परीने स्वीकारली. लेखन बहुधा सारखे राहिले, अर्थ मात्र वेगळे झाले.

उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे रोमन 'डब्ल्यू' हा संकेत 'शब्दात येऊ शकणारे कोणतेही एक चिन्ह' या अर्थी योजतात. सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरच्या तटाआतील शहराला 'चारदीवारी' म्हणतात. याच शब्दावर त्या संकेताची परीक्षा घ्यावी. अशा चिन्हांची सलग मालिका शोधण्यास सांगितले असता पर्ल ही भाषा संपूर्ण शब्द अखंड देते. पायथनची अंगभूत यंत्रणा त्याचे 'च', 'रद', 'व', 'र' असे चार तुकडे करते. जावास्क्रिप्टला तर काहीच सापडत नाही. तेथे या संकेतात केवळ रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांचाच समावेश होतो.

याचे कारण वर्गीकरणात आहे. युनिकोडमध्ये 'च' हे अक्षर होय. काना, वेलांटी, अनुस्वार व हलन्त ही मात्र जोडचिन्हे होत. पर्ल जोडचिन्हांना शब्दाचे घटक मानते, पायथन मानीत नाही. युनिकोडचे अठराव्या क्रमांकाचे तांत्रिक मानक पर्लच्या बाजूचे आहे. पायथनमधील ही विसंगती २०११ मध्ये दोष म्हणून नोंदविली गेली.

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. शब्दसूची अथवा शब्दांची वारंवारिता सिद्ध करताना 'मराठी'तून 'मर' व 'ठ' निघतात, 'ज्ञानेश्वरी'च्या शेवटी 'वर' उरतो. 'मर' आणि 'वर' हे सार्थ शब्द असल्याने ते सूचीत सहज खपून जातात. यंत्रही कोणतीच त्रुटी दाखवीत नाही. अशा सूचीवर आधारलेले शैलीविषयक निष्कर्ष मुळातच सदोष ठरतात.

उपाय अवघड नाही. सूत्रात अक्षरे व जोडचिन्हे हे दोन्ही वर्ग स्पष्टपणे लिहावेत. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१८ च्या मानकापासून आहे. पायथनमध्ये त्यासाठी 'रेजेक्स' हा स्वतंत्र संच उपलब्ध आहे. शिवाय, संपादक ज्याप्रमाणे आधारभूत हस्तलिखितांचा निर्देश करतो, त्याप्रमाणे अभ्यासकाने वापरलेली संगणकभाषा, तिची आवृत्ती आणि योजलेले सूत्र यांचा निर्देश करावा. त्यावाचून त्याची गणना दुसऱ्याला पडताळून पाहता येणार नाही.