परदेशी विद्यापीठांतील मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे : पालकांच्या प्रश्नाला उत्तर

बारावीचे व पदवीचे निकाल लागले की धर्मग्रामातील पालक मुलांना घेऊन भेटावयास येतात. पूर्वी प्रश्न ठरलेले असत. नर्सिंगला कोठे पाठवावे, इंजिनिअरिंगसाठी कोणाचे शिफारसपत्र मिळेल, हॉटेल मॅनेजमेंट केल्यास जहाजावर नोकरी लागेल काय. अलीकडे एक निराळा प्रश्न कानी पडू लागला आहे. "फादर, मुलगी परदेशी शिकायला जायचं म्हणते, पण समाजशास्त्र घेऊन. त्यासाठी वाडी गहाण ठेवायची का?" शेजारी बसलेली मुलगी खाली मान घालते, आणि आई माझ्याकडे अशा नजरेने पाहते की मी 'नाही' म्हणावे. या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दांविषयी. आपल्याकडे 'आर्ट्स' या एकाच पोत्यात जे सर्व विषय कोंबले जातात, त्यांचे परदेशी विद्यापीठांत साधारणपणे दोन गट मानतात. भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, धर्माभ्यास, कलेतिहास या मानव्यविद्या. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र, मानसशास्त्र, लोकसंख्याशास्त्र ही सामाजिक शास्त्रे. पहिल्या गटात माणसाने लिहिलेले, रचलेले, जपलेले वाचून त्याचा अर्थ लावावयाचा असतो. दुसऱ्या गटात माणसे एकत्र कशी राहतात याची पाहणी, मोजणी व मुलाखती करून अनुमान काढावयाचे असते. ही सीमारेषा पक्की नाही. इतिहास हा विषय काही विद्यापीठांत एका बाजूला असतो, काही ठिकाणी दुसऱ्या. परंतु अर्ज भरताना ती ध्यानी ठेवावी, कारण शिष्यवृत्त्या व व्हिसाचे नियम कधीकधी याच रेषेवरून वळतात.

मराठी माणसाला हा मार्ग नवा नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या, महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची चाकरी करण्याचा करार त्यांनी करून दिला होता. ते तेथे अर्थशास्त्र शिकले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहिली तर आश्चर्य वाटते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन. तीन वर्षांत एवढे! ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला, तो प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. म्हणजे वर्गातल्या एका अभ्यासासाठी लिहिलेला तो निबंध होता. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला आणि आज शंभर वर्षांनंतरही विद्यार्थी तो वाचत आहेत.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या व मानवशास्त्राच्या संस्थेत मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेवर त्यांनी संशोधन केले. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. या असमानतेचा वंशाशी संबंध आढळावा अशी त्यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या, पंचविशीतल्या परकीय विद्यार्थिनीने आपल्याच गुरूच्या मताविरुद्ध निष्कर्ष मांडणे ही साधी गोष्ट नव्हे. 'युगान्त' त्यांनी पुष्कळ पुढे लिहिले. ते वाचताना मला त्या बर्लिनमधल्या कवट्या आठवतात.

आता तेथील वर्गात नेमके काय घडते ते पाहू, कारण आपली मुले अडखळतात ती येथेच. आपल्याकडे अभ्यासक्रम म्हणजे ठरलेले पुस्तक, त्यावरील गाईड व वर्षअखेरीची परीक्षा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही तत्त्ववेत्त्यांची मते अनुक्रमे पाठ करीत असू. कोणते मत आपणास पटते हे फारसे कोणी विचारीत नसे. परदेशी विद्यापीठात पहिल्याच दिवशी वाचनयादी हाती पडते. एका विषयासाठी आठवड्याला शंभर-दीडशे पाने वाचून यावे लागते, आणि असे तीन-चार विषय एकाच वेळी चालू असतात. चर्चासत्रात बारा-पंधरा विद्यार्थी गोल बसतात व प्राध्यापक व्याख्यान न देता प्रश्न विचारतात. जो गप्प राहतो त्याने वाचलेले नाही असे समजले जाते. वडीलधाऱ्यांपुढे न बोलण्याचे आपले वळण येथे आडवे येते. प्राध्यापकांना उलट प्रश्न विचारणे हा तेथे उद्धटपणा नसतो, हे मुलांना जाण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

गुणांचे बहुतांशी निबंधावर ठरते. दोन-तीन हजार शब्दांचा निबंध, त्यात स्वतःचा एक मुद्दा, त्याला पुरावा, आणि विरुद्ध मताचा प्रामाणिक विचार. दुसऱ्याचे वाक्य नाव न देता उतरवणे हे वाङ्मयचौर्य मानले जाते. त्यासाठी निबंध नापास होतो, वारंवार घडल्यास विद्यार्थी काढूनही टाकला जातो. आपल्याकडे प्रकल्पवहीत ज्ञानकोशातली पाने उतरवण्यास शिक्षकच उत्तेजन देतात, त्यामुळे मुलांना त्यात काही गैर वाटत नाही. संगणकाकडून निबंध लिहून घेण्याचा नवा मोह आता त्यात आला आहे. त्याविषयीचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे, कधी प्रत्येक प्राध्यापकाचे वेगळे असतात. ते विचारून घ्यावेत.

गुणांकनाचाही घोळ होतो. ब्रिटनमध्ये ७० गुण म्हणजे उत्तम श्रेणी. येथे ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलाला तेथे ६२ मिळाले की घरी रडारड होते. वास्तविक ते चांगले गुण असतात. जर्मनीत तर क्रम उलटा. १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. मुलाला १.७ मिळाले हे ऐकून एक वडील माझ्याकडे चिंताग्रस्त होऊन आले होते. पेढे वाटा, असे त्यांना सांगावे लागले.

पदवीची बांधणी देशागणिक निराळी आहे. अमेरिकेत पदवी चार वर्षांची असते. पहिली दोन वर्षे विज्ञान, भाषा, इतिहास असे मिश्र विषय घेऊन मग मुख्य विषय निवडता येतो. ज्या मुलाचे मन अजून ठरलेले नाही त्याला हे सोयीचे, परंतु खर्च प्रचंड. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, व पहिल्या दिवसापासून निवडलेला विषयच. पदव्युत्तर शिक्षण तेथे एका वर्षात आटोपते. युरोपात १९९९ च्या बोलोन्या घोषणेनंतर श्रेयांकांची समान पद्धत आली. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक व प्रत्येक श्रेयांकासाठी २५ ते ३० तासांचा अभ्यास. म्हणजे वर्षाला दीड हजार ते अठराशे तास! आठवड्याला वर्गाचे तास दहा-बाराच आहेत हे पाहून फसू नये, उरलेला वेळ ग्रंथालयाचा आहे. आपल्या तीन वर्षांच्या बी.ए.वर ब्रिटनमध्ये व युरोपात बहुधा एम.ए.ला प्रवेश मिळतो. अमेरिकेत मात्र पुष्कळ विभाग सोळा वर्षांच्या शिक्षणाचा आग्रह धरतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील चौथ्या वर्षाचा उपयोग येथे होऊ शकेल.

आपल्या वाचकांना एका विद्यापीठाचे नाव परिचित असावे. बेल्जियममधील लूवेन विद्यापीठ पोप मार्टिन पाचवे यांच्या आज्ञापत्राने १४२५ साली स्थापन झाले व २०२५ मध्ये त्याने सहाशे वर्षे पूर्ण केली. पोप लिओ तेरावे यांच्या प्रेरणेने पुढे कार्डिनल झालेल्या मर्सिए यांनी १८८९ साली तेथे तत्त्वज्ञानाची संस्था उभारली. तेथे आज इंग्रजीतूनही तत्त्वज्ञान शिकता येते, व केवळ धर्मगुरूंनाच नव्हे तर प्रापंचिकांनाही. याच लूवेनमध्ये इंजिनिअरिंग शिकलेले फादर कामिल बुल्के १९३५ साली भारतात आले आणि रामकथेच्या उगमावर अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी हिंदीतून प्रबंध लिहिला. परदेशी जाऊन मानव्यविद्या शिकण्याचा प्रवास असा उलट दिशेनेही होतो.

आता पैसा. येथे मी स्पष्ट बोलणार आहे, कारण एजंट स्पष्ट बोलत नाहीत. ब्रिटनमधील एक वर्षाच्या एम.ए.साठी पंचवीस-तीस लाखांचे कर्ज काढावे आणि नोकरी करून ते फेडावे, हा हिशेब मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याला सहसा जमत नाही. जानेवारी २०२४ पासून तेथे अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना जोडीदार वा मुले सोबत नेता येत नाहीत. शिक्षणानंतर राहण्याची दोन वर्षांची मुदतही २०२७ पासूनच्या अर्जांसाठी अठरा महिने होणार आहे. अमेरिकेत पदवीनंतर सर्वांना एक वर्ष काम करण्याची मुभा असते, परंतु विज्ञान-तंत्रज्ञान गटातील विषयांना आणखी २४ महिने मिळतात, असा २०१६ चा नियम आहे. इतिहासाला ते मिळत नाहीत. अर्थशास्त्राला मिळतात की नाही, हे विद्यापीठाने त्या अभ्यासक्रमाची नोंद कोणत्या सांकेतिक क्रमांकाखाली केली आहे यावर ठरते. अर्ज करण्यापूर्वी पत्र पाठवून हे विचारावे. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून महाविद्यालयीन पदविकांना विषयाची अट घातली. विद्यापीठाच्या पदवीला ती नाही. 'कॉलेज' व 'युनिव्हर्सिटी' हा भेद तेथे खरा आहे, आणि एजंट नेमका तोच पुसून टाकतात.

कमी खर्चाचे मार्ग आहेत. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. राहण्याच्या खर्चाची तजवीज म्हणून बंद खात्यात रक्कम दाखवावी लागते; २०२४ च्या सप्टेंबरपासून ती वर्षाला ११,९०४ युरो ठरली. भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्रही २०२२ पासून आवश्यक झाले आहे. इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम पदव्युत्तर स्तरावर बरेच आहेत, तरी इतिहास वा साहित्य शिकावयाचे तर बहुधा जर्मन भाषेवाचून गत्यंतर नसते.

शिष्यवृत्त्यांपैकी इरास्मस मुंडुस ही मला विशेष वाटते. निरनिराळ्या देशांतील दोन-तीन विद्यापीठे मिळून हा अभ्यासक्रम चालवतात व निवड झालेल्या विद्यार्थ्याला शुल्कमाफीसह महिना १,४०० युरो मिळतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती संपूर्ण खर्च देते, परंतु साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो व नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान तर अभियांत्रिकी व व्यवस्थापनाला वगळून इतर विषयांनाच प्राधान्य देते. केंद्र सरकारच्या अनुसूचित जाती वगैरेंसाठीच्या परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास व समाज हे संशोधनविषय वगळण्यात आले. ज्या विषयावर आंबेडकरांनी १९१६ साली निबंध वाचला तोच विषय! यावर अधिक भाष्य करीत नाही.

माझा सल्ला विचाराल तर तो असा. एम.ए. शक्यतो येथेच करावे. टाटा समाजविज्ञान संस्था, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ, पुण्याचे डेक्कन कॉलेज ही आपल्या आवाक्यातली ठिकाणे आहेत, व डेक्कन कॉलेजात इरावतीबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षे शिकवले. त्यानंतर शिष्यवृत्ती मिळाली तर परदेशी एम.ए. वा पीएच.डी. करावी. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सामान्यतः शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते. अर्थात तेथेही हात आखडला जात आहे. २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाने मानव्यविद्यांच्या अनेक विभागांत पुढील वर्षाचे पीएच.डी. प्रवेश थांबवले. शिष्यवृत्ती न मिळाल्यास वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करावा. त्यात लाज नाही. वाडी गहाण ठेवू नये.

त्या मुलीला मात्र मी 'नाही' म्हटले नाही. तिला समाजशास्त्रच का शिकावेसे वाटते, हे एका पानावर लिहून आणावयास सांगितले. परदेशी अर्जात हेच उद्देशपत्र प्रथम वाचले जाते. 'मला समाजसेवेची आवड आहे' एवढ्याने तेथे भागत नाही, कोणता प्रश्न मनाला बोचतो ते लिहावे लागते. तिने आणलेल्या पानात आपल्याच भागातील विहिरी, टँकर व पाणी विकणाऱ्यांविषयी लिहिले होते. वडिलांनी ते तेथेच बसून वाचले व म्हणाले, "हे सगळं तुला कधी कळलं?"

अर्जांच्या तारखा ध्यानी ठेवाव्यात. चेव्हनिंगची मुदत बहुधा ऑक्टोबरच्या आसपास संपते, अमेरिकेतील पीएच.डी.चे व इरास्मसचे पुष्कळसे अर्ज डिसेंबर-जानेवारीत असतात. प्राध्यापकांना शिफारसपत्रासाठी निदान महिनाभर आधी सांगून ठेवावे. नाताळच्या सुट्टीत ते गावी जातात, आणि अखेरची तारीख नेमकी त्याच आठवड्यात येते.