खेळातील संवाद व त्याचा लेखी पाठ

‘सोर्ड वर्ल्ड’ हा जपानी भूमिकाखेळ मुख्यतः संवादावर चालतो: सूत्रधार प्रसंग वर्णितो, खेळाडू आपापल्या पात्रांच्या मुखाने बोलतात आणि दोन साधे फासे यशापयश ठरवितात. ‘ग्रुप एसएनई’ने त्याची नियमावली १९८९ मध्ये सिद्ध केली. तीतील फोर्सेलिया या कल्पित जगाचे मूळ मात्र त्यापूर्वीचे आहे. त्या जगातील लोडोस बेटावर रचलेल्या खेळाचे संभाषण १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात नाट्यसंहितेसारखे छापले जात होते. त्यावरूनच र्‍यो मिझुनो यांची कादंबरी १९८८ मध्ये निघाली. म्हणजे येथे उच्चारित शब्द आधी व ग्रंथ मागाहून आला. तथापि छापील संवाद संपादित असतो. त्यास बोलीचा निर्भेळ पुरावा मानणे युक्त नव्हे. बोली व लेखन यांच्या सीमेवरील तो एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार समजावा.