स्लिम लॅपटॉपमध्ये दमदार ग्राफिक्स कार्ड मावतं का? एक हिशोब, श्रीपूरच्या उन्हाळ्यातून

गेल्या महिन्यात घरी श्रीपूरला आले होते. शेजारचा एक मुलगा यंदा एम.एस्सी. झालाय, पेटच्या तयारीत आहे. ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून उसाच्या पानावरचे रोग ओळखायचे, असा विषय त्याच्या डोक्यात आहे. तो मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, हा लॅपटॉप बघ. जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी आणि आत आरटीएक्स ४०६०. एवढ्याशा डब्यात एवढं कार्ड खरंच चालतं का? उसाचं बिल आलं की पप्पा घेऊन देणार आहेत, म्हणून विचारतोय."

त्याच्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यामुळे ही पोस्ट लिहिते आहे. फेलोशिप सुरू होण्याआधी घरच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप चुकला, तर तो पुढची चार-पाच वर्षं चुकलेलाच राहतो. थोडक्यात उत्तर असं: कार्ड मावतं. पण जे नाव वाचून आपण पैसे देतो, तेवढी ताकद आत मावलेली असेलच असं नाही. का, ते टप्प्याटप्प्याने बघू.

१. नाव एकच, चिप वेगळी

डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कुडा कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटची मर्यादा असते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी असते, आणि मूळ मर्यादा जास्तीत जास्त १५० वॅट. म्हणजे नाव तेच असलं तरी आतली चिपच वेगळी आणि लहान आहे.

४०६० चं प्रकरण जरा निराळं. तिथे दोन्हीकडे ३,०७२ कोअर आणि ८ जीबी मेमरी आहे. पण डेस्कटॉपचं कार्ड ११५ वॅटचं, तर लॅपटॉपचं ३५ ते ११५ वॅटमध्ये कुठेही असू शकतं. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एकाच नावाचे दोन लॅपटॉप वेगात बरेच वेगळे निघू शकतात. २०१७ मध्ये एनव्हिडियाने स्लिम लॅपटॉपसाठी 'मॅक्स-क्यू' आणलं, तेव्हा कार्डाच्या नावातच ते लिहिलेलं असायचं. २०२१ पासून ते नावातून गेलं. आता वॅटचा आकडा तपशिलात शोधावा लागतो. त्याला टीजीपी म्हणतात.

२. अडचण जागेची नाही, उष्णतेची आहे

चिप स्वतः नखाएवढ्या जागेत बसते, तिला जाडी लागत नाही. जाडी लागते ती उष्णता बाहेर टाकायला. कार्ड जेवढे वॅट खातं, ते जवळजवळ सगळे शेवटी उष्णताच होतात.

श्रीपूरकरांना हे समजायला कारखाना पुरतो. साखर कारखान्यात कंडेन्सरमधून गरम पाणी येतं आणि स्प्रे पाँडमध्ये फवाऱ्यांनी हवेत उडवलं जातं. पाइपातून पाणी आणणं सोपं आहे, पण ते थंड करायला एवढा मोठा हौद आणि एवढे फवारे लागतात. लॅपटॉपमध्येही हीच दोन कामं असतात: उष्णता वाहून नेणं आणि उष्णता टाकून देणं.

वाहून नेण्यासाठी तांब्याची हीट पाइप असते. चपट्या, बंद नळीत कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. चिपजवळ ते उकळतं, वाफ दुसऱ्या टोकाला जाते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून ते परत चिपकडे येतं. हे काम पातळ नळीतही बऱ्यापैकी होतं.

अडतं ते टाकून देण्यापाशी. साधा हिशोब करू. समजा कार्ड आणि प्रोसेसर मिळून १५० वॅट उष्णता तयार करतात आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा २० अंशांनी गरम आहे. हवेची विशिष्ट उष्णता साधारण १००५ ज्यूल प्रति किलो प्रति अंश. म्हणजे दर सेकंदाला १५० ÷ (१००५ × २०) = सुमारे ७.५ ग्रॅम हवा हवी. आकारमानात ती साधारण साडेसहा लिटर होते. दर सेकंदाला पाण्याच्या साडेसहा बाटल्या भरतील एवढी हवा, तीही बोटाच्या पेराएवढ्या उंचीच्या फटीतून! पंखा पातळ झाला की तेवढीच हवा ढकलायला तो जास्त वेगाने फिरवावा लागतो, म्हणून आवाज वाढतो. पत्र्याच्या पात्या लहान झाल्या की हवेला उष्णता द्यायला पृष्ठफळ कमी पडतं. जाडीची खरी किंमत इथे आहे.

३. मग स्लिम लॅपटॉप चालतात तरी कसे?

इथे एक गंमत आहे. चिपची गतिक शक्ती धारिता × व्होल्टेजचा वर्ग × वारंवारता या प्रमाणात असते. वारंवारता कमी केली की व्होल्टेजही कमी करता येतं. दोन्ही एकाच प्रमाणात उतरवले, तर शक्ती वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात घटते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१. म्हणजे वीस टक्के वेग सोडला की जवळजवळ निम्मी वीज वाचते.

उलट्या बाजूनेही बघा. ८० वॅटचं कार्ड आणि तेच ११५ वॅटचं कार्ड, यात वीज ४४ टक्के जास्त आहे, पण घनमूळ काढलं तर वेग साधारण १३ टक्केच जास्त येतो. स्लिम लॅपटॉपचा सगळा धंदा या घनमुळावर उभा आहे.

हे ठोकळ गणित आहे हे लक्षात ठेवा. व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरत नाही, शिवाय मेमरी आणि बाकीचे भागही आपला वाटा घेतात. त्यामुळे ३५-४५ वॅटच्या कार्डाकडून या गणिताएवढी अपेक्षा ठेवू नका, तिथे वेग झपाट्याने पडतो.

४. मे महिना, सोलापूर जिल्हा

आता माझी स्वतःची गोष्ट. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही असाच एक स्लिम लॅपटॉप घेतला होता. विद्यापीठात एसीच्या खोलीत जे सिम्युलेशन रात्रभरात व्हायचं, ते मे महिन्यात घरी दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंतही संपेना. मी सरळ निष्कर्ष काढला: ऊन! कार्ड तापतंय, थ्रॉटल होतंय, लॅपटॉप फसवा आहे. चार लोकांना तसं सांगूनही झालं.

मग एका दुपारी कागद घेऊन बसले. चिपची कमाल मर्यादा ८७ अंश धरू. खोली २५ अंश असेल तर फरक ६२ अंशांचा. खोली ४२ अंश असेल तर ४५ अंशांचा. उष्णता बाहेर पडण्याचं प्रमाण या फरकावर ठरतं, म्हणजे ४५ ÷ ६२ = ०.७३. एसीत ११० वॅट झेपणारं कार्ड इथे ८० वॅटच झेपवणार. नुकसान मोठं दिसतं. पण वेगासाठी घनमूळ घ्यायचं, आणि ०.७३ चं घनमूळ ०.९ येतं. म्हणजे वेग फक्त दहा टक्क्यांनी कमी व्हायला हवा होता!

माझं काम तर दीडपटीपेक्षा जास्त वेळ घेत होतं. म्हणजे उन्हाने थोडंच खाल्लं होतं, बाकीचं कोणीतरी वेगळंच खात होतं.

एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा दर दहा सेकंदांनी चालवून तापमान, वॅट आणि वारंवारता फाइलमध्ये लिहायला लावली आणि सकाळी आलेख काढला. दोन गोष्टी दिसल्या. पहिली: मध्येच वॅट एकदम खाली पडलेले, आणि तापमानसुद्धा खाली. तापल्यामुळे थ्रॉटल झालं असतं तर तापमान मर्यादेला टेकलेलं दिसलं असतं. वेळ बघितली तर ती रात्री लाइट गेल्याची होती. लॅपटॉप बॅटरीवर गेला होता. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप कार्डाची वीज स्वतःहून खूप कमी करतात, त्यांना पर्यायच नसतो. बॅटरी सहसा १०० वॅट-तासांच्या आत ठेवतात, कारण विमानात विनापरवानगी त्याहून मोठी नेता येत नाही. २०० वॅट ओढले तर ती अर्ध्या तासात संपेल.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. लॅपटॉप मी पलंगावर, सोलापुरी चादरीवर ठेवला होता. हवा आत घेण्याची जाळी खालच्या बाजूला असते. साडेसहा लिटर हवेचा हिशोब मांडणारी मी, आणि जाळीवर चादर! टेबलावर, खाली दोन वह्या सरकवून लॅपटॉप उचलला आणि इन्व्हर्टरवर जोडला, तेव्हा एसीतल्या वेळेपेक्षा थोडाच जास्त वेळ लागला. ज्यांना ज्यांना लॅपटॉप फसवा म्हणून सांगितलं होतं, त्यांना परत फोन केले.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या पोस्टमधलं एवढंच घेतलं तरी चालेल. कारण पटण्यासारखं आहे म्हणून ते पुरेसं आहे असं नसतं. ते कारण किती परिणाम घडवू शकतं याचा आकडा काढा, तो प्रत्यक्षाशी ताडून बघा. फरक उरला तर दुसरं कारण शोधा. ऊन खरं होतं, पण पुरेसं नव्हतं.

५. ज्याला जाडीशी देणंघेणं नाही: मेमरी

वेग कमी असला तर काम उशिरा होतं. मेमरी कमी असली तर काम होतच नाही. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये ठेवायला नुसते आकडेच १४ जीबी घेतात. ८ जीबीच्या कार्डात ते तसंच बसणार नाही, मग लॅपटॉप जाड असो की पातळ. उलट एनव्हिडियाचं टी४ हे सर्व्हरचं कार्ड फक्त ७० वॅटचं आहे, पण त्यात १६ जीबी मेमरी आहे. गूगल कोलॅबवर फुकटात बहुधा हेच मिळतं.

भौतिक-रसायनवाल्यांसाठी अजून एक. तुमचा प्रोग्रॅम ६४ बिटची अचूकता मागत असेल, तर ४० मालिकेतली गेमिंग कार्डं तिथे ३२ बिटच्या वेगाच्या चौसष्टाव्या भागावर येतात. ए१०० सारख्या सर्व्हर कार्डात हे प्रमाण निम्मं असतं.

६. खरी ताकद कुठे असते?

आपल्याच राज्यात बघा. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचे अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करायला ग्राफिक्स कार्डं वापरली जातात. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या जागतिक टॉप-५०० यादीत ६३ वा होता, तो ए१०० कार्डांवरच बांधलेला आहे. पुण्याच्याच आयसरमध्ये २०१९ पासून परम ब्रह्म आहे, त्याला थंड करायला द्रवाचा वापर होतो. म्हणजे तिथेही उष्णतेचाच प्रश्न आहे, फक्त उत्तराला मोठी जागा दिली आहे. पीएचडीत बरंचसं मोठं काम अशा किंवा आपल्या संस्थेच्या यंत्रावर दुरून जोडून होतं. तेव्हा हातातला लॅपटॉप ही फक्त खिडकी असते.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

- कार्डाचा टीजीपी किती वॅट? दुकानदाराला सांगता आला नाही तर कंपनीच्या तपशिलात शोधा.
- मेमरी किती, आणि तुमच्या कामाला किती लागते?
- अर्धा तास सलग भार दिल्यावर वॅट किती टिकतात? पहिल्या दोन मिनिटांचा आकडा धरू नका.
- हवा कुठून आत येते, आणि तुम्ही लॅपटॉप कुठे ठेवणार आहात?
- घरी लाइट किती जाते?
- तुमच्या गाइडच्या प्रयोगशाळेत किंवा संस्थेत सर्व्हर आहे का?

शेजारच्या मुलाला मी "घे" म्हटलं नाही आणि "नको"ही म्हटलं नाही. त्याला म्हटलं, आधी शेतातले शे-दोनशे फोटो काढ, कोलॅबवर छोटं मॉडेल चालव आणि मेमरी किती लागते ते लिहून ठेव. परवा त्याचा मेसेज आला: साडेतीन जीबीतच भागतंय. आता तो जरा जाडसर, पण टीजीपी नीट लिहिलेला लॅपटॉप शोधतोय. वाचतील त्या पैशात इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची, असं त्याच्या पप्पांनी ठरवलंय. मला विचाराल तर त्या घरात हिशोब सगळ्यात नीट त्यांनाच कळला.