पोटरी भरून येते तेव्हा

चालायला लागलं की पोटरी भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरते. ‘वय झालं’ म्हणून आपण हे दुखणं अंगावर काढतो. पण पायाच्या धमन्यांत चरबीचे थर साचून रक्त अपुरं पडू लागल्याची ती खूण असू शकते. दुर्लक्ष झालं, तर पायाची जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

या रोगाला सर्वाधिक बळ देतात तंबाखू आणि मधुमेह. सोलापूर विडीचं शहर. इथल्या कुंभारीत विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. विडी वळणाऱ्या हातांबद्दल थोडंफार बोललं जातं. विडी ओढणाऱ्यांच्या पायांबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. मधुमेहाचं म्हणाल, तर चेन्नईच्या पाहणीत हा रोग एकूण 3.2 टक्के लोकांत आढळला, मधुमेहींत 6.3 टक्के.

निदानाची रूढ पद्धत सोपी आहे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचं, उत्तर 0.9 किंवा कमी आलं, तर रोग आहे. पण जुन्या मधुमेहात धमनीची भिंत कॅल्शियमने कडक होते, रक्तदाबाच्या पट्ट्याने दबत नाही आणि आकडा 1.4च्याही वर जाऊ शकतो. म्हणजे धोका सर्वात जास्त, तिथेच ही तपासणी फसते.

म्हणून शास्त्रज्ञ रक्ताकडे वळले. 2007 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांना या रुग्णांच्या रक्तात बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन वाढलेलं दिसलं. ते जितकं जास्त, तितकी चालण्याची ताकद कमी. त्याआधी, 2001 मध्ये, अमेरिकी डॉक्टरांवरच्या दीर्घ अभ्यासात दिसलं होतं की, धडधाकट असताना ज्यांच्या रक्तात दाह दाखवणारं सीआरपी जास्त होतं, त्यांना पुढे हा रोग होण्याचा धोकाही जास्त होता.

मग निदानासाठी रक्ताचीच तपासणी का करत नाहीत? सीआरपी साध्या संसर्गातही चढतं. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन मूत्रपिंडं गाळून टाकतात. ती थकली की तेही रक्तात साचतं. आणि मूत्रपिंडं थकण्याचा धोका मधुमेहींनाच जास्त! म्हणून एकाच प्रथिनावर विसंबण्याऐवजी अनेक खुणा एकत्र वाचण्याकडे संशोधनाचा कल आहे.

तोवर शुगर तपासायला गेल्यावर चपला काढून डॉक्टरांना पावलावरची आणि घोट्यामागची नाडी पाहायला सांगा. ती लागली नाही, किंवा लागूनही पोटरी भरून येत असेल, तर पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब आणि डॉपलर तपासणी करून घ्या.